पडद्यामागची पावलं

धप्... धप्... धप्. आजही भर दुपारी कुठे काही जड आपटलं की माझ्या कानांत तीच पावलं उमटतात, आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध भरलेल्या चंद्रपूरच्या त्या भाड्याच्या खोलीत, जिथे आम्ही दोघी बहिणी गावापासून दूर राहत होतो, मी पुन्हा जाऊन उभी राहते. पावलं खरी नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंगलाच्या, कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून ती येत. पण भीतीला खऱ्याखोट्याची चाड कधी असते का?

डायनासोरांचं उद्यान उभारायच्या एका खेळाने मंगलाला झपाटलं होतं. कुंपणं घालायची, आत प्राणी सोडायचे, बाहेर प्रेक्षक फिरवायचे, असा तो खेळ. सायबर कॅफेतून ती त्याच्याच वार्ता आणी: कुणा परदेशी खेळाडूने प्राण्यांवर नवी कातडी चढवली, नवा भाग येणार म्हणतात, नाही येणार म्हणतात! "घरच्या बातम्या बी आणत जा ना वो कधी," मी चिडवायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: सिरोंच्याकडे जमिनीतून असल्याच प्राण्यांची हाडं निघाली, म्हणजे हे आपल्याच मुलखातले! मग तिनेही रंग हाती घेतले. एका अजस्र मांसभक्षकाला तिने पिवळे-काळे पट्टे चढवले आणि त्याच्याभोवती आमचं गाव उभारलं. तोच तलाव, तीच मोहाची झाडं, तीच वाट. प्रेक्षकांतल्या एका बाईला हिरवं लुगडं रंगवलं. आमची माय तसंच नेसायची.

त्या चैत्रात शेजारच्या गावच्या एका बाईला मोहाची फुलं वेचताना वाघाने नेलं. वेचायचं तर वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. माय तरीही झुंजुमुंजू होताच टोपली घेऊन निघायची. इकडे माझा जीव टांगणीला! गावचं कुणी रस्त्यात दिसलं, की ते काय सांगेल या धास्तीने मी वाट बदलायची.

आणि एका दुपारी सुकल्या मोहाची पिशवी घेऊन मायच दारात उभी राहिली. आनंदाने आधी रडू आलं, मग राग. यंदा जंगलात जाऊ नकोस म्हणून आम्ही दोघींनी तिची मनधरणी केली.

"फुलं का थांबून राह्यतीन माह्यासाठी?" ती म्हणाली, आणि तिची नजर पडद्यावर गेली. हिरव्या लुगड्यातली इवलीशी बाई तिने लगेच ओळखली. "इथी कुंपण काऊन नाई वो?"

"आपल्या गावाले कुठी हाये, माय?" मंगला म्हणाली.

"मंग त्याचा दगड कुठी हाये?"

माय वाघाचं नाव कधी घेत नसे. गावच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. मोह वेचून परतताना पहिली ओंजळ त्याच्यापुढे ठेवायची रीत. मंगलाने खेळातला एक खडक वाटेच्या तोंडाशी मांडला. मायने पिशवीतली ओंजळभर फुलं कीबोर्डापुढे ठेवली, पडद्याला हात जोडले आणि ती निश्चिंत झाली. "आता नाई येत तो."

खेळातला खडक निव्वळ शोभेचा असतो, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. माय पिशवीची गाठ बांधायला वळली आणि झाडीतून पट्टे हलले. तो आला, खडकाला वळसा घालून हिरव्या लुगड्यातल्या बाईच्या दिशेने वाटेला लागला. मायने मान वर करण्याआधी मंगलाने पडदा बंद केला. पण आत खेळ चालूच होता. धप्... धप्...

"हे काय वाजून राह्यलं वो?"

"कूलर हाये, माय."

"बरं, मी येतो मंग. सकाळी वेचाले जायचं हाये. दगड हाये ना आपला!" असं म्हणून माय बससाठी निघालीसुद्धा. तिला पुन्हा अडवायचं तर पडदा दाखवावा लागला असता, आणि ते कुणाच्याने होणार?

माय त्या वर्षी सुखरूप राहिली, नंतरचे कितीतरी चैत्रही तिने वेचले. पण त्या दुपारी तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला, आणि काळ्या पडद्यामागची पावलं अधिकाधिक जवळ येत एकाएकी थांबली. पडदा पुन्हा सुरू करून पाहण्याचं धैर्य आम्हा दोघींनाही झालं नाही. आजही ती पावलं कानांत वाजतात तेव्हा मला त्यांचं तितकं भय वाटत नाही. भय वाटतं ते ती थांबण्याचं.