रिसालदाराची मूठ

निजामोद्दीनच्या लोखंडी कपाटात अकरा पिस्तुलं होती. सगळी जुन्या फौजांची, सगळ्यांचे कागद केलेले. साधं पिस्तूल त्याला नको असायचं. एकाच्या नळीखाली पातं जोडलेलं, दुसऱ्याचा घोडा डावखुऱ्यासाठी वाकवलेला, असलं काही हुडकायला तो निलंग्यातलं कुलूप-दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून फिरायचा. या माणसाला धडधाकट काही आवडतच नाही, असं त्याची बायको दिलशाद म्हणायची.

मग ती कामाला जायची त्या डाळ मिलच्या पट्ट्यात तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. सुरी धरली की तळव्यातून निसटायची. बकरी ईदला जावा गोश्त कापायला बसायच्या आणि तिला पिशव्या धरायला लावायच्या.

"भाबी, तुमी निस्ते वाटे मोजा," धाकटी जाऊ बुशरा म्हणायची. "बोटं कमी पडली तर सांगा."

दिलशादनं नवऱ्याकडं एकच मागितलं: सुरीला माझ्या हातात बसेल अशी मूठ करून द्या. त्याच्यासाठी ते तासाभराचं काम. करतो म्हणाला. तीन ईदी गेल्या.

चौथ्या ईदीच्या आधी उदगीरकडच्या एका घरातून बारावं पिस्तूल आलं. लढाईत दोन बोटं गमावलेल्या घोडदळातल्या कुणा रिसालदारानं त्याची मूठ बदलून घेतली होती. नसलेल्या बोटांच्या जागी अक्रोडाच्या लाकडाचा उंचवटा. निजामोद्दीन रोज ती मूठ तेलाचा बोळा फिरवून पुसायचा.

लातूरचे चन्नबसप्पा अप्पा, तेलबियांचे अडते आणि असल्या हत्यारांचे शौकीन, बघायला आले. मूठ दोन बोटं नसलेल्या हातासाठी केलीय, हे त्यांना खरं वाटेना. निजामोद्दीननं दिलशादला हाक मारली, तिचा पिठानं भरलेला हात धरला आणि पिस्तूल त्यात बसवलं. चपखल बसलं.

"बघा अप्पा, नमुना घरातच हाय."

अप्पा हसले. मोबाईलवर तिच्या हाताचा फोटो घेतला, मनगटापर्यंतच. ईदला मोठा कॅमेरा घेऊन येतो म्हणाले.

ईदच्या दिवशी जावा सुऱ्या घेऊन बसल्या, तशी दिलशादही मधोमध येऊन बसली. तिची सुरी एकदाही निसटली नाही. बुशराच्या हातातली बकऱ्याची मांडी सोलून व्हायच्या आत दिलशादचे दोन वाटे पडले.

अप्पा आले. निजामोद्दीननं कपाट उघडलं, तर पिस्तुलाला मूठच नव्हती. धावत तो अंगणात आला. अक्रोडाची दोन्ही फळकं त्याच्याच पेचकसानं काढून, त्याच्याच तारेनं सुरीच्या दोन्ही बाजूंना आवळलेली होती. रक्त आणि चरबी पिऊन लाकूड काळं पडलं होतं.

तो तिथंच रडायला लागला. मिलमधून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

"दीडशे वर्षं जपलं होतं लोकांनी," तो म्हणाला.

"सरका जरा, सावली पडून राहिली," दिलशाद म्हणाली. "न्हाईतर ही पिशवी धरा."

अप्पांच्या देखत त्यानं पिशवी धरली.