घासलेट आणि शाई

रंगाऱ्याने दार रंगवून ब्रश घासलेटात बुडवला आणि त्या वासाने मला थेट पवनारच्या घरात नेऊन बसवलं.

बाबा तिथे हाताने छापून स्वतःचं साप्ताहिक काढायचे. शेजारच्या गावात आपल्या बौद्ध वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, अशी बातमी त्यांनी दिली होती. दुपारी निरोप आला, त्या गावची माणसं बाबांना शोधत निघाली आहेत. आई घासलेटाचा बोळा घेऊन बाबांच्या बोटांवरची शाई घासायला लागली.

"काऊन घासून राह्यली? बातमीखाली नाव हाये ना माह्यं."

"असू द्या. हात तरी साफ पायजेत."

बाहेर मोटारसायकली थांबल्या. आईचा हात थांबेना. बाबांनी तो हळूच बाजूला केला आणि ओल्या हातांनीच दार उघडलं. "हो, मीच लिवलं."

त्या दिवशी नुसत्या शिव्यांवर भागलं. आई मात्र मला कितीतरी वर्षं भित्री वाटत राहिली.

आता माझी मुलगी मोबाइलवर बातम्या लिहिते. काल तिला धमकीचा फोन आला. ती जेवत होती आणि मी तिच्या बोटांकडे बघत होते. त्यांवर शाईचा डागही नव्हता. घासायला काहीच नव्हतं.