कडुनिंबाच्या खालच्या फांद्या

आज पाडवा. गुढीसाठी डहाळी तोडायला गेले, तर दारातल्या कडुनिंबाच्या खालच्या फांद्या पार ओरबाडलेल्या. शेजारची सुमन पाला नेते आणि उकळून त्या पाण्याने अंग धुते. ट्रकवरच्या नवऱ्याने आणलेला गुप्तरोग तिला जडलाय. मूल नको म्हणून निंबोळीचं तेलही तीच वापरते.

"पाल्याने हे बरं होत नाही, दोघं दवाखान्यात जा," मी कितीदा सांगितलं.

"ते म्हणतात, मला काय धाड भरलीय?"

या झाडाचे गुण गाणाऱ्यांची मला चीड येते. सगळा कडूपणा बाईनेच का अंगाला लावायचा?

मघाशी कुंपणापलीकडे तिने नवऱ्याच्या हातावर पाडव्याची कडुनिंबाची चटणी ठेवली. जिभेला लागताच त्याने तोंड वाकडं केलं.

"कडू आहे. गूळ घाल अजून."

तिने घातला.