मी कमिटीपुढे सूप दाखल केले

तांदूळ पाखडायचे सूप पुरावा म्हणून दाखल करता येते की नाही, याविषयी कायदा मौन पाळतो. मी तीस वर्षे ठाण्यास कोर्टात नोकरी केली आणि शिरस्तेदार होऊन पेन्शनीत निघालो. तेवढ्या काळात गहाणखते, मृत्युपत्रे, एकदा तर एक विळीसुद्धा दाखल झालेली पाहिली. पण सूप नाही. तो मान माझ्याच कपाळी लिहिलेला होता.

हकीकत अशी. आमच्या आळीच्या मागून एक बोळ तळ्याकडे जातो. आळीतल्या साऱ्या बायका तिथूनच पाणी आणतात. कारण खाडीचे पाणी झिरपून आमच्या विहिरी एकेक करून खारट झाल्या आणि माझ्या परसातली सर्वांत शेवटी झाली. गेल्या पौषात एके सकाळी त्या बोळाच्या तोंडाशी शहर कमिटीची नोटीस लागली. बोळ लोकहितार्थ भिंत घालून बंद करण्यात येईल. कारण सांडलेल्या पाण्याने तेथे चिखल होतो, व स्त्रियांच्या निष्कारण संभाषणाने सभ्य रहिवाशांच्या अभ्यासात व्यत्यय येतो. हरकती आठ दिवसांत कळवाव्यात.

मी ती दोनदा वाचली आणि जमलेल्या मंडळींस खणखणीत आवाजात सांगितले, "हा मसुदा ज्याने लिहिला त्याला कायदा ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, आणि घरात पाणी कोण भरते हेही ठाऊक नाही." (हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे. मंडळींनी ठेवले.)

घरी आलो तो आमचे कुटुंब ओटीवर रिकामी कळशी घेऊन बसलेले. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"बाजाराचा वळसा घालून दोन वेळा पाणी आणायचं झालं, तर माझे गुडघे या वर्षातच दगा देतील," ती म्हणाली. "इकडून काहीतरी लिहिणं व्हावं."

वर्तमानपत्रांतून 'एक न्यायाकांक्षी' या सहीने मी आयुष्यभर पत्रे लिहिली. कलेक्टर, मामलेदार, स्टेशनमास्तर, देवळाचे पंच, कोणाचीही गय केली नाही. परंतु चाळीस वर्षांच्या संसारात तिने स्वतः होऊन पत्र लिहायला सांगितले, ते हे पहिलेच. माझ्या अंगात दहा वकिलांचे बळ आले.

शिवाय माझ्याकडे पुरावा होता. कमिटीचे मुख्य दाजीसाहेब प्रथम निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा त्यांनी आमच्या साप्ताहिकात जाहीर पत्र छापले होते की, आपल्या देहात प्राण आहे तोवर हा बोळ आळीच्या मायबहिणींना मोकळा राहील. तो अंक मी जपून ठेवला होता. तो काय, गेल्या वीस वर्षांचे सगळेच अंक मी माजघरातल्या पेटाऱ्यात ठेवले होते. पेटारा उघडला. आत आमसुले होती.

"माझे अंक कुठे आहेत?"

"सुपाला."

"सुपाला म्हणजे?"

"सूप फाटतं अधूनमधून, टोपल्याही. खळ करून मागून कागद लावावा लागतो. इकडून अंक जपून ठेवायला सांगणं झालं होतं; कुठे, ते सांगणं झालं नव्हतं."

कोर्टात असा जबाब आला असता तर मी मनातल्या मनात दाद दिली असती.

सूप उपडे करून, ओले फडके घेऊन मी ओटीवर बसलो आणि एकेक थर सोडवू लागलो. सर्वांत वर त्याच वर्षीचा अंक. त्यात एका उमेदवाराने स्टेशनच्या रस्त्यावर दिवे लावण्याचे अभिवचन दिले होते. त्याच्या खालच्या थरात दुसऱ्याने तेच दिवे लावण्याचे वचन दिले होते, आणि त्याच्या खाली तिसऱ्याने. तीन थर उतरलो तरी रस्ता अंधारातच होता! प्रथम मी संतापलो, मग हसू आले, आणि मग फडके हातात तसेच राहिले. हे अंक सुटे सुटे वाचले तेव्हा प्रत्येक आठवड्याला मला वाटले होते की काहीतरी घडते आहे. एकावर एक चिकटवलेले पाहिले तेव्हा कळले की आपण वीस वर्षे एकच अंक वाचत होतो.

चौथ्या थरावर दाजीसाहेबांचे पत्र सापडले, पण ते काही सुपावरून सुटेना. आमच्या कुटुंबाची खळ मोठी चिवट. तेव्हा मूळ दस्तऐवज आहे त्या स्थितीत दाखल करावा, असे मी ठरवले.

"दुपारच्या आत परत हवं," आतून आवाज आला. "तांदूळ पाखडायचेत."

उपरण्याखाली सूप लपत नाही, हे मला भर बाजारात समजले. मिठागरावर जायला निघालेली सोनी मला पाहून थांबली. "तात्या, कोनाचं तांदूल पाखराला चाल्लाव?" मी सूप काखेत घट्ट धरून पावले उचलली. पण दोनचार माणसे कामधंदा सोडून माझ्यामागून आली, आणि कमिटीच्या दाराशी पोचेतो ती वीस झाली.

कमिटीसमोर मी जे बोललो ते, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण उत्तम बोललो. वचन म्हणजे काय, मतदाराशी झालेला करार म्हणजे काय, हे समजावून दिले. मग सूप उंच धरून दाजीसाहेबांचे पत्र वाचू लागलो. चार ओळी होताच कमिटीचे कारकून म्हणाले, एवढे पुरे. मी त्यांना तिथल्या तिथे अडवले. दस्तऐवज वाचायचा तर संपूर्ण वाचला पाहिजे, सोयीचा तेवढा भाग नव्हे, हा पुराव्याचा मूळ सिद्धांत आहे, असे ठणकावले.

सकाळी लावलेले पाणी एव्हाना आत मुरले होते. मी सिद्धांतावर जोर देण्यासाठी सूप हलवले, त्यासरशी दाजीसाहेबांचे वचन वरच्या कडेने सुटले आणि कुत्र्याच्या कानासारखे खाली लोंबले. त्याच्या खाली पाचवा थर होता.

दाजीसाहेबांनी चष्मा लावला. "तात्या, संपूर्ण वाचायचा ना? मग हेही वाचू," असे म्हणून ते सावकाश वाचू लागले. "'आमच्या आळीमागील बोळ लोकहितार्थ भिंत घालून बंद करावा. सांडलेल्या पाण्याने तेथे चिखल होतो, व स्त्रियांच्या निष्कारण संभाषणाने सभ्य रहिवाशांच्या अभ्यासात व्यत्यय येतो.' खाली सही आहे, 'एक न्यायाकांक्षी'."

अठरा वर्षांपूर्वी माझ्या विहिरीचे पाणी गोड होते. बोळाचे मला काम नव्हते; होता तो फक्त खिडकीखालचा कलकलाट. मी पत्र छापले, तसाच अर्जही केला, आणि पुढे विसरलो. कमिटी मात्र विसरली नव्हती. आता नव्या कलेक्टरसाहेबाने सर्व तुंबलेले अर्ज निकाली काढण्याचा हुकूम केला, आणि माझा अर्ज निघाला. नोटिशीचा मसुदा कोणी निराळा केलाच नव्हता. माझाच उतरवून घेतला होता.

मागच्या वीस जणांपैकी कोणीतरी हळूच म्हणाले, "भाषा ठाऊक नाही."

दाजीसाहेब हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. "माझं वचन मीही विसरलो होतो, तात्या," ते म्हणाले. "वर मी, खाली तुम्ही. सूप एकच." मग त्यांनी नियम सांगितला. अर्जदाराने अर्ज मागे घ्यावा म्हणजे बोळ राहील. मात्र मागणी वर्तमानपत्रातून झाली होती, तेव्हा माघारही वर्तमानपत्रातूनच व्हावी, आणि तीही खऱ्या नावाने.

मी आयुष्यात एक अक्षर मागे घेतले नव्हते. परत येताना बाजारभर मनात युक्तिवाद रचत आलो. त्या वेळची परिस्थिती निराळी होती. 'संभाषण' या शब्दाचा अभिप्रेत अर्थ मर्यादित होता. मुदतीच्या कायद्याने तो अर्ज केव्हाच बाद झाला होता. कुटुंब दारातच उभे होते. तिने सूप घेतले, उलटे केले आणि बोट ठेवून वाचू लागली. (वाचायला मीच शिकवले होते, याच अंकांवरून.) वाचून झाल्यावर मी युक्तिवाद सुरू केला. तिने तो पहिल्या मुद्द्यालाच थांबवला.

"दौत तिथे कोनाड्यात आहे," एवढेच ती म्हणाली आणि कळशी उचलून बोळाकडे गेली.

मी लिहिले. 'अठरा वर्षांपूर्वी मी बोळ बंद करण्याची मागणी केली. ती चूक होती.' खाली पूर्ण नाव. माझ्या सर्व पत्रांत हे सर्वांत आखूड, आणि लिहायला सर्वांत जास्त वेळ लागलेले. संपादकांना ते माझे आहे हे पटेना. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी माणूस पाठवला. पत्र छापून आले आणि बोळ राहिला. तिथले संभाषण आजही खिडकीतून ऐकू येते, आणि त्यात सुपाचा विषय निघतोच.

यंदा सूप पुन्हा फाटले. कमिटीवर कडाडून टीका केलेले माझे ताजे पत्र त्याच्या पाठीवर अगदी मधोमध बसले आहे. मात्र त्या माघारीचा अंक मला तिथे कुठेच दिसेना, म्हणून मी विचारले. तिने आपली पेटी उघडून दाखवली. लग्नातल्या शालूच्या घडीत तो अंक होता. चाळीस वर्षांत मी जे जे लिहिले, त्यातले जपून ठेवण्यासारखे तिला एवढेच वाटले, आणि या निकालावर अपील नाही.