आकेशूककाकांनी सांगितलेली नावं

आकेशूककाका मार्चमध्ये गेले. जमीन गोठलेली होती. आम्ही त्यांच्यावर दगड रचले.

कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समीअर बेटावरच्या आमच्या वस्तीत ते जन्मभर शिकारीवर जगले. तळ्यातल्या माशांवर तर त्यांच्यासकट सात घरं हिवाळा काढायची. मी दक्षिणेतल्या शहरातून साहित्याची पदवी घेऊन आले तेव्हा ते म्हणाले, "वाचायला शिकलीस. आता ऐकायला शीक."

जमिनीवरचा हक्क दाखवायला वस्तीच्या परिषदेला नकाशा हवा होता. मी काकांकडून शिकारीच्या वाटांवरच्या जागांची नावं लिहून घेऊ लागले. ते डोळे मिटून, वाटेच्या क्रमानं सांगत. वारा वळतो ती जागा. अस्वल पोहतं ती जागा. मग तळ्याच्या वरचा कडा, जळणाऱ्या दगडांची जागा.

मी थांबले. "काका, कोळसा शोधणारे फिरतायत. हे एक गाळू या?"

"धुक्यात माणूस नावं म्हणत चालतो, पोरी. एक गाळलंस तर चुकलाच तो. लिही."

मी लिहिलं. इंग्रजी अर्थासकट.

दोन वर्षांनी एक कंपनी आली, थेट त्या कड्यावर. खोदकामाच्या परवानगीच्या सुनावणीत त्यांच्या भूवैज्ञानिकानं आमचाच नकाशा भिंतीवर लावला आणि विचारलं, "हे नाव तुम्ही सांगितलंत?"

दुभाषी मीच होते. प्रश्न आमच्या भाषेत सांगून झाल्यावर हळूच म्हटलं, "काका, नाही म्हणा."

"आईनं शिकवलेल्या वाटेबद्दल खोटं बोलू?" ते उठले. "हो. मीच सांगितलं."

मागून कोणीतरी ओरडलं, "शाब्बास म्हाताऱ्या! आता त्यांना तळंही उचलून दे!"

परवानगी मिळाली. त्यांनी अकरा भोकं पाडली. थर पातळ निघाला, कंपनी निघून गेली. भोकांतला राखाडी चिखल उतारानं तळ्यात गेला. त्या शरदात जाळी रिकामी आली. पुढच्याही. सातही घरं दुकानातलं डबाबंद अन्न आणू लागली. काकांशी कोणी भांडलं नाही. त्यांच्याकडे चहाला येणंच बंद केलं.

ते जायच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, मी वही घेऊन गेले. दक्षिण किनाऱ्यावरची नावं लिहायची राहिली होती. तिथं त्यांनी पन्नास वर्षं शिकार केली होती.

"तिकडचं काही आठवत नाही मला," ते म्हणाले.

निंगिउककाकू चहा ओतता ओतता थांबल्या. "अहो, आज सकाळीच तर म्हणत होता सगळी. ओळीनं."

"तू गप गं," काका म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.