आमच्या वर्गातली कलेक्टर

वर्गणी मागताना ती कधीच हसायची नाही. आमच्या शाळेच्या समाजसेवा मंडळाने बाकीच्या मुलींना मान तिरकी करून गोड बोलायला शिकवलं होतं. ही मात्र दार उघडलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "मढच्या कोळीवाड्यातल्या बालवाडीचं छप्पर वादळात उडालंय. पत्रे घ्यायचेत. काय देताय?" 'देता का' नाही, 'काय देताय'. माणूस नकळत आत जाऊन पाकीट घेऊन यायचा. वर्गणी तीच गोळा करायची आणि हुकूमही तीच सोडायची, म्हणून आम्ही तिला कलेक्टर म्हणायचो. नाव प्रज्ञा. मालाडच्या आमच्या शाळेत ती पाचवीपासून माझ्या वर्गात होती आणि पाचवीपासूनच तिचं कुणाशी ना कुणाशी वाजलेलं असायचं.

मंडळाबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेच्या विश्वस्तांना फोटोंची फार आवड. समाजसेवेचे फोटो काढायचे तर समाजसेवा करणारी मुलं लागतात, म्हणून हे मंडळ. एकदा आम्हाला किनारा साफ करायला मढला नेलं. टी-शर्टवर पुढे विश्वस्तांच्या वडिलांचं नाव, मागे विश्वस्तांचं. आम्ही तासभर राबून प्लास्टिक गोळा केलं, तेव्हा कुठे विश्वस्त साहेब आणि फोटोग्राफर उगवले. वाळू स्वच्छ बघून फोटोग्राफरचा चेहरा पडला. पोत्यातल्या बाटल्या पुन्हा पसरा म्हणाला. आमच्या बाईंनी खरंच एक पोतं उलटं केलं. साहेब हातमोजे चढवून वाकले, बाटलीला हात लावला, आणि फोटो झाल्यावर ती बाटली तिथेच ठेवून गाडीकडे चालायला लागले.

"सर, बाटली राहिली," कलेक्टर मागून म्हणाली.

साहेबांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. ते हसले. ती बाटली उचलून त्यांच्या हातात देऊन आली.

वादळानंतर आम्ही सोसायट्यांमधून कपडेही गोळा केले. देणाऱ्यांचा उत्साह दांडगा होता. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं सगळं त्या दोन दिवसांत खाली आलं. चेन तुटलेल्या पँटी, बोटं बाहेर येणारे मोजे, एका काकूंनी तर अर्धवट झिजलेली पायपुसणी दिली. कलेक्टरने जिन्यात बसून एकेक पिशवी उपसली आणि मग मला घेऊन पुन्हा वर गेली. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी दार उघडलं.

"काका, ही पँट चुकून आमच्याकडे आली."

"अगं, ती गरिबांसाठी दिलीये."

"तुम्ही घालाल का ही?"

"मी कशाला घालू? फाटलीये ती."

"तेच म्हणतेय," असं म्हणून तिने पिशवी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली. त्या संध्याकाळी तीन सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली. फाटके कपडे दिल्याची लाज त्यांच्यापैकी एकालाही वाटली नव्हती. परत आल्याचा राग मात्र सगळ्यांना आला होता.

आमच्याशीही ती काही गोड वागायची नाही. बालवाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला रडू आलं. भिंतीवरची अक्षरं पावसाच्या शिंतोड्यांनी ओघळली होती आणि वर नुसतं आभाळ. कलेक्टर म्हणाली, "तुझं झालं असेल तर त्या टेपचं टोक धर, माप घ्यायचंय." कुणी 'बिच्चारी मुलं' म्हणालं की ती अशी बघायची की पुढचं वाक्य घशातच राहायचं. कधीकधी ती अन्यायानेच बोलायची. एका मुलीने आपला वाढदिवस बालवाडीतल्या पोरांसोबत करायचं म्हटलं, तर तिला म्हणाली, "का, तुला मैत्रिणी नाहीत?" ती मुलगी आठवडाभर हिच्याशी बोलली नाही. हिला त्याचं काही वाटलं नाही.

हे सगळं कुठून येत होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी नाही. कलेक्टरची फी शाळा भरायची. दर जूनमध्ये 'गरजू विद्यार्थी' म्हणून तिला स्टेजवर बोलवायचे. विश्वस्त वह्यांचा गठ्ठा पुढे करायचे, तिने तो हातात धरायचा आणि फोटो नीट येईपर्यंत सोडायचा नाही. पाचवीपासूनचे तिचे ते सगळे फोटो ऑफिसबाहेरच्या बोर्डावर ओळीने लावलेले होते. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

वादळाच्या त्या वर्षी आम्ही नववीत गेलो होतो. वर्गणीतून घेतलेले पत्रे आले होते, पण ते शाळेच्या हॉलमध्ये स्टेजवर रचून ठेवले होते, वर लाल रिबीन. समारंभ करून कोळीवाड्यातल्या लोकांना द्यायचे होते आणि प्रमुख पाहुणे परदेशात होते. ते येईपर्यंत थांबायचं ठरलं. बालवाडीच्या ताई, मढच्याच कोळीणबाई, दोनदा विचारायला येऊन गेल्या. दुसऱ्यांदा जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "पाऊस काय तुमच्या पाव्हन्यासाठी थांबनार हाय का गो?"

कलेक्टरचे वडील मंडपाचं सामान वाहणारा टेम्पो चालवायचे. शनिवारी शाळा सुटल्यावर तो टेम्पो फाटकापाशी उभा. "शाळेने सांगितलंय," असं तिने वडिलांना सांगितलं आणि तेच शिपायालाही. तिच्या तोंडून ऐकल्यावर कुणाला शंकाच आली नाही. आम्ही सहा-सात जणींनी पत्रे भरले. रिबीन तिने सोडून स्टेजवरच ठेवली. संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यातल्या माणसांनी छप्पर चढवलंसुद्धा. तिचे वडील खाली उभे राहून खिळे देत होते, खुशीत होते. शाळा चांगली आहे हो तुमची, असं मलाच म्हणाले.

सोमवारी हॉलमध्ये नुसती रिबीन. विश्वस्तांनी चोरी हा शब्द वापरला. पत्रे ज्यांच्यासाठी घेतले त्यांच्याच डोक्यावर बसवले, तर चोरी कुणाची झाली, हे विचारायची हिंमत त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला झाली नाही. कलेक्टरच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आपली मुलगी आपल्याशीही खोटं बोलली, हे त्यांना ऑफिसात कळलं. बाहेर व्हरांड्यात ते तिला हळू आवाजात म्हणत होते, "माफी मागून टाक, बाळा. दहावी होऊ दे." ती पहिल्यांदाच मान खाली घालून उभी होती.

तिने माफी मागितली. "सर, न विचारता नेले, ते चुकलं. बाबांना काही माहीत नव्हतं." साहेबांचं तेवढ्याने भागेना. हेच उद्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर बोल, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पत्रे काढून परत आणा म्हणाल तर आणते. मुलांना तुम्ही येऊन सांगा." आठवड्याभरात शाळेने तिची फी भरणं बंद केलं.

मग तिच्या फीसाठी आम्ही वर्गणी काढली. कुणी खाऊचे पैसे दिले, कुणी घरून मागितले, कुणी कशासाठी ते घरी सांगितलंच नाही. पैशांचं पाकीट घेऊन आम्ही तिच्या चाळीतल्या खोलीवर गेलो. मला वाटलं, ती पाकीट अंगावर फेकेल. तिची आई चहा ठेवायला उठली. कलेक्टरने पाकीट हातात घेतलं, आमच्याकडे एकेकीकडे बघितलं.

"कुणाची आयडिया?"

"सगळ्यांची."

तिने पाकीट आईकडे दिलं आणि म्हणाली, "घेते. पण एक ऐका. उद्या वर्गात माझ्याकडे कुणी प्रेमाने बघितलं ना, तर बघा मग."

ती आमच्याच शाळेतून दहावी झाली. नंतर चाळ पाडली, ते लोक विरारकडे गेले, आमची गाठ राहिली नाही. वकील झाली असं कुणीतरी सांगितलं. खरं असेल तर समोरच्या वकिलांची मला कीव येते. आता पवईतल्या आमच्या ऑफिसातही दरवर्षी टी-शर्ट वाटून समाजसेवेचा दिवस करतात. त्या दिवशी मी रजा टाकते.

पण मला ती आठवते ती पाकीट दिल्याच्या दुसऱ्या दिवशीची. ती वर्गात शिरली आणि सगळे एकदम वह्यांत बघायला लागले. पुढचं काय करायचं कुणाला सुचेना. शेवटी जिच्याशी तिचं वाढदिवसावरून वाजलं होतं ती मुलगी उठली आणि म्हणाली, "ए, खिडकीजवळची जागा माझी आहे, ऊठ तिथून."

"नाव लिहिलंय का तुझं?" कलेक्टर म्हणाली. मग दोघी भांडल्या, आम्हीही त्यात पडलो, आणि पहिला तास सुरू होईपर्यंत आम्ही सगळ्यांनी तिच्याशी मनापासून भांडून घेतलं.