पाणबुडीतला भाऊ

माझा धाकटा भाऊ नौदलात पाणबुड्या आहे. पोहायला त्याला मीच शिकवलं, हिवरखेडच्या आमच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून. त्याची शिक्षा अजून भोगतो आहे. आई गेली तेव्हा पंधरा दिवस त्याचा फोन लागला नाही. तेरवी मी एकट्याने केली. मी बांधलेल्या घरात त्याची खोली मात्र आहे. तिथे मी कांद्याचं पोतंसुद्धा ठेवू देत नाही.

यंदा सुट्टी संपवून तो निघाला, तेव्हा अकोल्याच्या फलाटावर मी पेपरातला एक फोटो त्याच्यापुढे धरला. चार-सहा कमांडोंना गुपचूप शत्रूच्या किनाऱ्याजवळ नेऊन सोडणारी, कुठल्याशा देशाची इवलीशी पाणबुडी. आत हवा नाही, पाणीच. माणसं तोंडात नळी धरून अंधारात तासन्‌तास बसून राहतात म्हणे.

"असल्यातच बसतं काय बे तू?"

"चहा घेतं काय, दादा?"

"मी काय इचारून राहिलो?"

"मी चहाचं इचारून राहिलो."

संत्र्याच्या बगीच्यांतला माल विकत घेत मी मोर्शीपर्यंत हिंडतो. मनातला आकडा समोरच्याने ओळखला की माणूस विषय बदलतो, हे मला कोणी शिकवायला नको. माझं डोकं फिरलं. "मायच्या तेरवीले नाही आला. माह्या तरी येशील काय?"

लोक वळून पाहू लागले. तो हसला नाही. माझ्या गळ्यातला दुपट्टा ओढून त्याने आमच्या हातांवर टाकला. बैलबाजारात बाबा असाच कपड्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे. शेजारच्यालाही पत्ता लागत नसे. आम्ही दोघं त्यांच्याकडूनच शिकलो.

"कामाचं सोड," तो हळूच म्हणाला. "बाकी इचार."

"कायमचा घरी कधी येतं?"

त्याने माझा पूर्ण पंजा धरला. पाच वर्षं.

मी त्याची दोन बोटं धरली. त्याने पुन्हा पंजा. मी तीन. पंजाच. त्याचा दाब मात्र पूर्वीचा नव्हता. सावकाश, ठळक, रोज अंधारात हातानेच बोलणाऱ्या माणसाचा. फोटोचं उत्तर मला तिथेच मिळालं.

बाजारात असतो तर एव्हाना दुपट्टा झटकून उठलो असतो. इथे गाडी येऊन थांबली तरी मी त्याचा पंजा सोडला नाही. शेवटी त्यानेच माझी बोटं एकेक करून सोडवली.